उकर्डा चिंचेपाशी थांबला

कुठल्याही शर्यतीत पहिल्या आलेल्याच्या गळ्यात हार पडताना दिसला, की आजही माझं डोकं फिरतं. बायको म्हणते, या वयात लोक देवाधर्माला लागतात आणि तुम्ही पळणाऱ्या पोरांवर दात खाता. खायला दात उरलेत कुठे, पण राग उरलाय. तो त्या पोरांवर नाही. तो मंगरूळपीर ते शेलूबाजार या रस्त्यावर झालेल्या एका शर्यतीचा आहे, तिथल्या कमिटीचा आहे, आणि खरं सांगायचं तर त्यातला मोठा वाटा माझा माझ्यावरच आहे. त्या शर्यतीत एक माणूस पळाला होता. त्याचं नाव उकर्डा.

हे नाव ऐकून हसू येत असेल तर आधीच सांगतो, त्याच्यासमोर कोणी हसून सुखरूप परत गेलेलं मी पाहिलं नाही. त्याच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून आईनं याला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर ठेवलं, पुन्हा उचललं आणि नाव ठेवलं उकर्डा, म्हणजे मरणानंसुद्धा नाक मुरडून पुढे जावं. आमच्या वऱ्हाडात असे उकर्डे गावोगाव आहेत. पण शर्यतीची नावं लिहून घेताना तहसिलीतून आलेल्या कारकुनानं टाक थांबवला आणि शेजारच्याकडे पाहून तो हसला. उकर्डा टेबलावर वाकला आणि म्हणाला, "मायनं मले जगवाले ठेवलं हे नाव. तुह्या मायनं तुले काहून जगवलं, थे पाह्य आधी." कारकुनानं मुकाट्यानं नाव लिहिलं.

मी तेव्हा शेलूबाजारपासून चार-पाच मैलांवरच्या, माळ्यांच्या एका वाडीत शाळामास्तर होतो. मूळचा इंझोरीचा, वय बावीस, पहिलीच नोकरी. एकोणीसशे चाळीस साल अजून यायचं होतं. वाडीत चाळीसेक घरं, दहा-बारा विहिरी आणि सगळीकडे भाजीपाला. उकर्ड्याचा मळा शाळेला लागून होता, त्यामुळे मी पाढे शिकवत असताना पलीकडून त्याच्या शिव्या ऐकू येत. शिव्या कोणाला, तर मेथीला. वाफ्यापुढे उभा राहून तो तिला झापायचा, "पानी बरं घटाघटा पेतं, अन् वाढाले काय तुले आवतन पाह्यजे?" पोरं खिदळायची. मी छडी आपटायचो आणि स्वतःचं हसू दाबायचो.

त्याचं प्रेम असंच रागाच्या वाटेनं यायचं. मी एकटा, रोज रात्री खिचडी टाकून मोकळा होई. हे त्याला कुठून कळलं कोण जाणे. एका सकाळी तो आला, दारात अर्धी टोपली वांगी ओतली आणि माझ्यावरच उखडला. "अंगावर मास नाही तुमच्या. तुमी उभे राह्यले त पोट्ट्याईले खुटा वाटते. काय शिकोसान तुमी त्याईले? खा हे." पुढे मी तिथे होतो तोवर दर आठवड्याला भाजी आली आणि त्या शर्यतीपर्यंत दर आठवड्याला मी शिव्या खाल्ल्या. गावात ज्याला उकर्डा शिव्या देत नाही त्याचं काहीतरी चुकलंय, असं समजत. तेव्हा मला ती गंमत वाटायची.

बाजाराच्या दिवशी वाडीतले माळी कावडी घेऊन शेलूबाजारला निघत. खांद्यावर बांबू, दोन्ही टोकांना टोपल्या, वर ओलं फडकं. ऊन चढायच्या आत पालेभाजी पोचवायची, म्हणून हे लोक चालत नसत, पळत. तेही आपल्या पळण्यासारखं नव्हे. गुडघे किंचित वाकलेले, पाऊल आखूड, टोपली खाली गेली की पाय वर. उकर्डा सगळ्यांत पुढे. वय पंचेचाळिसाच्या घरात, उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा. रिकाम्या अंगानंसुद्धा तो त्याच चालीत पळायचा. मीही टपाल आणायला त्यांच्याबरोबर निघायचो आणि पहिल्या मैलातच मागे पडायचो.

शेलूबाजारच्या नाक्याच्या अलीकडे, अडीचशे पावलांवर, एक जुनी चिंच होती. तिथे पोचलं की उकर्डा थांबायचा. कावड खांद्यावरच, तोंड मागे, आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या नावानं शंख. शेवटचा माणूस येईपर्यंत कोणी नाक्याच्या आत पाय टाकायचा नाही, असा वाडीचा दंडक होता. कारण साधं होतं. एकटा माणूस आधी आत गेला की दलाल त्याला चौघांत घेरत, भाव पाडून घेत, आणि मग तोच भाव दिवसभर सगळ्या वाडीच्या गळ्यात पडे. सगळे मिळून गेले की दलालांची जीभ जरा जड व्हायची. म्हणून थांबायचं. एकदा मी म्हणालो, "इतकं पळत यायचं आणि इथे उन्हात थांबायचं, भाजी सुकत नाही का?" तर म्हणाला, "सुकते ना. भाजीले थांबता येत नाही मास्तर, मानसाले येते. म्हनून त आपुन मानूस."

हा दंडक त्याचा सख्खा मेहुणा गणपत यानं एकदा मोडला. घरी बायको आजारी होती, लवकर परतायचं म्हणून तो मधल्या वाटेनं एकटाच आत शिरला. उकर्ड्याला कळलं तेव्हा गणपत दलालासमोर टोपल्या उतरवत होता. उकर्डा गेला, गणपतची वांग्यांची कावड उचलली, बैलबाजारात नेली आणि जनावरांपुढे ओतली. परत येऊन स्वतःच्या दोन्ही टोपल्या गणपतपुढे ठेवल्या. "हे इक. अन् बहीन बिमार हाये त मले सांगाचं होतं. मी थांबलो नसतो, सगळ्याईले घेऊन धावलो असतो." गणपत बाजारात उभ्याउभ्या रडला. त्यानंतर गणपतला चिंचेपाशी थांबायला सांगायची वेळ आली नाही.

चिंचेला टेकून बशीरभाईचं कल्हईचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक भाता, एक भट्टी आणि पाण्याचा रांजण. उकर्डा आणि बशीरभाई दर बाजारी भांडायचे आणि ज्या दिवशी भांडण झालं नाही त्या दिवशी दोघांनाही चैन पडत नसे. बशीरभाई मला म्हणायचे, "मास्तर, याच्या टकुऱ्यावर भांडं ठेवलं ना, त मले कोयसा लागनार नाही." उकर्डा म्हणायचा, "तुही कल्हई दोन महिन्यांत उडते, माहा राग त टिकते." आणि मग त्याच रांजणातलं पाणी पिऊन, तेच पाणी मेथीवर शिंपडून तो पुढे जायचा.

आता शर्यतीकडे येतो. त्या वर्षी बाजाराचा ठेका नव्या माणसाकडे गेला होता. शेलूच्या बाजारात कडुनिंबांची एक रांग होती आणि तिच्याखाली माळी पिढ्यान्पिढ्या बसत. ठेकेदारानं त्यांना उठवलं, तिथे आपल्या नात्यातल्या लोकांची कापडाची दुकानं बसवली आणि माळ्यांना बैलबाजाराच्या कडेला उघड्या रानात ढकललं. कापडाला सावली आणि पालकाला ऊन. याहून मोठा गाढवपणा मला अजून भेटायचाय. दुपारी बारापर्यंत भाजीची पानं माना टाकायची, आणि मग दलाल येऊन म्हणायचे, ही आता जनावरांना घाला. वाडीनं अर्ज केले. ते मीच लिहिले, चांगल्या वळणदार अक्षरात. त्यांची उत्तरं आली नाहीत.

तेवढ्यात दवंडी पिटली गेली. मोठा साहेब दौऱ्यावर येणार, त्याच्या स्वागताला मंगरूळपीरपासून शेलूबाजारपर्यंत पळण्याची शर्यत, जो पहिला येईल त्याला साहेबाच्या हातानं फेटा, आणि त्यानं साहेबाकडे एक मागणं मागावं. उकर्ड्यानं दवंडी ऐकली, हातातलं खुरपं तिथेच रोवलं आणि माझ्याकडे आला. "मास्तर, शर्यतीत नाव देतो मी. सावली मांगतो." त्याच्याबरोबर गणपतनं आणि नामदेव नावाच्या एका तरण्या माळ्यानं नाव दिलं. बाकी वीसेक जण होते. त्यात ठेकेदाराचा भाचा होता, नागपूरच्या कॉलेजात शिकणारा, पायात पांढरे कापडी बूट.

कमिटीत तिघे. स्वतः ठेकेदार, एक वकील आणि आमच्या शाळांचे डिप्टीसाहेब, म्हणजे ज्यांच्या एका शेऱ्यावर माझी नोकरी टिकायची ते. माझं अक्षर चांगलं म्हणून त्यांनी मला दोरीपाशी बसवलं. कोण कितवा आला ते कागदावर लिहायचं, एवढंच माझं काम.

आदल्या दिवशी मी उकर्ड्याला बजावलं, "हे बघ, ही शर्यत आहे, बाजार नव्हे. एकट्यानं सरळ दोरीला छाती लावायची. थांबायचं नाही." तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी मेथीत गवत पेरायला सांगितलं. "एकटा गेलो त साहेब म्हनन, एकाले सावली पाह्यजे, द्या एकाले. मंग बाकीचे? दलाल असो का साहेब, एकट्याचा भाव पडते मास्तर." मी म्हणालो, "नियमात असं नाही." तो म्हणाला, "थांबू नका असं तरी हाये का?" मी नियम पाहिले. तसं काही लिहिलेलं नव्हतं.

साहेबाचा मांडव त्याच कडुनिंबांखाली घातला होता. समोर नाका, नाक्यात आडवी दोरी, तिच्याशी माझं टेबल, आणि तिथून थेट चिंचेपर्यंतचा रस्ता दिसत होता. दोन्ही बाजूंना माणसंच माणसं. ऊन चांगलंच तापलं तेव्हा दुरून धुरळ्यात एक माणूस दिसला. आखूड पाऊल, वाकलेले गुडघे, उजवा खांदा किंचित खाली. खांद्यावर काही नव्हतं, तरी कावड असल्यासारखीच चाल. माळ्यांच्या बायका ओरडायला लागल्या. मागे रस्ता रिकामा होता.

आणि तो चिंचेपाशी थांबला.

लोकांना वाटलं, पायात काटा गेला. मला माहीत होतं. तो मागे वळून उभा राहिला. बशीरभाईंनी तांब्या पुढे केला, त्यानं हातानं बाजूला सारला. लोक हसायला लागले, मग ओरडायला लागले, "पळ ना बे, दोरी समोर हाये." मांडवातून साहेबानं दुर्बीण लावली. मग नामदेव आला. तोही थांबला. मग बऱ्याच वेळानं गणपत दिसला, लंगडत, आणि त्याच्या मागे शंभर पावलांवर पांढरे बूट. उकर्डा तिथून गरजला, ते शब्द इथे लिहिण्यासारखे नाहीत. गणपतनं ते ऐकून उरलासुरला जीव पायांत आणला. तो चिंचेपाशी येताच उकर्ड्यानं त्याच्या काखेत हात घातला, दुसऱ्या बाजूनं नामदेवनं, आणि तिघे निघाले. बुटांचा आवाज मला इथवर ऐकू येत होता. तिघांच्या छातीला दोरी एकदमच लागली. भाचा वीस पावलं मागे होता.

मी कागदावर एकाच ओळीत लिहिलं: पहिले, उकर्डा, गणपत, नामदेव. अक्षर मुद्दाम वळणदार काढलं.

डिप्टीसाहेबांनी कागद उचलला. कमिटीतल्या तिघांची टेबलाच्या मागे कुजबुज झाली. वकील म्हणाले, पहिला एकच असतो, तीन कसे असतील. ठेकेदार म्हणाला, जो थांबला त्यानं शर्यत सोडली, आणि जे दोघं दुसऱ्याच्या हाताला धरून आले ते स्वतः पळालेच नाहीत. आणि डिप्टीसाहेबांनी टाक माझ्या हातात देऊन हळूच सांगितलं, "मास्तर, ही ओळ खोडा. चौथ्याला वर घ्या."

बशीरभाई तेवढ्यात गर्दीतून पुढे आले होते. भर मांडवात म्हणाले, "साहेब, ये तीनों पहले आये. मैंने देखा. सबने देखा." शिपायानं त्यांना मागे ढकललं. एका कल्हईवाल्याला जे बोलता आलं ते मला आलं नाही. मी, रोज पोरांना खरं बोलावं म्हणून छडी मारणारा मास्तर, बावीस वर्षांचा, अंगावर मास नसलेला खुटा, मी टाक बुडवला आणि ओळ खोडली. दोन रेघा मारल्या. एक पुरली नाही असं वाटलं म्हणून दुसरी.

भाच्याला फेटा बांधला. साहेबानं विचारलं, काय पाहिजे. तो म्हणाला, मामासाठी बंदुकीचं लायसन. टाळ्या वाजल्या. वर कडुनिंबाची सावली होती आणि पलीकडे उन्हात माळ्यांच्या टोपल्या होत्या.

सगळ्यांना वाटलं, आता उकर्डा मांडव उपटून टाकणार. मलाही तसंच वाटलं आणि देवा, त्यानं तसं करावं असं मी मनातून विनवत होतो. तो माझ्या टेबलापाशी आला. घामानं निथळत होता. म्हणाला, "मास्तर, आधी काय लिवलं होतं तुमी?" मी मान खाली घातली. कारकुनाला, दलालाला, मेथीला न सोडणारा माणूस मला एक शिवी न देता वळला आणि गेला.

पुढच्या बाजारी माळी नाक्याच्या आत गेलेच नाहीत. चिंचेखालीच टोपल्या मांडून बसले. गिऱ्हाईक तिथे यायला लागलं. असे चार बाजार झाले. पाचव्या बाजाराच्या आधी ठेकेदारानं रस्ता रुंद करायचा म्हणून चिंच तोडून टाकली. रस्ता एक बोटभरही रुंद झाला नाही. बशीरभाईंनी भट्टीवर एक तरट बांधलं आणि तिच्यापुढे बसून ते दिवसभर ठेकेदाराच्या सात पिढ्या काढत राहिले. माळी पुन्हा बैलबाजाराच्या कडेला उन्हात जाऊन बसले. ते अजूनही तिथेच बसत असतील तर मला नवल वाटणार नाही.

आणि उकर्डा माझ्याशी बोलला नाही. आठ महिने. भाजी यायची, त्याची बायको आणून ठेवायची. पलीकडून मेथीला शिव्या ऐकू यायच्या, गणपतला, बैलाला, पावसाला. मी कुंपणाशी मुद्दाम रेंगाळायचो. दोनदा त्याच्या वाफ्यातून चप्पल घालून गेलो, दुसऱ्या कोणाचं तंगडं मोडलं असतं. त्यानं फक्त मोडलेली रोपं सरळ केली. माणूस एका शिवीसाठी किती झुरू शकतो, हे मला तेव्हा कळलं. शेवटी मी बदली मागितली. रिठदला मिळाली.

निघायचा दिवस बाजाराचाच होता. माझी पेटी आदल्या दिवशी बैलगाडीनं गेली होती, मला शेलूबाजारच्या नाक्याच्या आतून मोटार धरायची होती. पहाटे माळी माझ्या दारावरून कावडी घेऊन पळत गेले. कोणी थांबलं नाही. मी गाठोडं काखेत मारून एकटाच निघालो. नव्या वहाणा होत्या, तिसऱ्या मैलाला टाच सोलली. ऊन डोक्यावर आलं. इतका उशीर झाला की मोटार गेली असणार असं धरूनच मी शेवटचा चढ चढलो.

तोडलेल्या चिंचेच्या बुंध्यापाशी माळी उभे होते. सगळे, खांद्यावर कावडी, भर उन्हात. टोपल्यांवरची फडकी वाळून कडक झाली होती. मी मनात म्हटलं, कोणीतरी मागे राहिलंय. सवयीनं मोजले. नऊ कावडी निघाल्या होत्या, नऊ तिथे होत्या. गणपत होता, नामदेव होता. बशीरभाई रांजणातलं पाणी घेऊन एकेका टोपलीवर शिंपडत होते. कोणीच मागे राहिलं नव्हतं, आणि सगळे रस्त्याकडे बघत होते.

मी जवळ गेलो. उकर्ड्यानं मला डोक्यापासून सोललेल्या टाचेपर्यंत पाहिलं आणि त्याचं ते जुनं तोंड सुटलं.

"काहून मास्तर, मेले होते का वाटंत? किती येळ लावता? भाजी सुकून राह्यली."

मग त्यानं कावड डाव्या खांद्यावर घेतली, आणि आम्ही सगळे मिळून नाक्याच्या आत गेलो.